एनएसएस पुरस्कार: २४० तासांमागचा इतिहास

विद्यार्थ्यांना शिकतानाच समाजसेवेत आणणारी राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस किंवा रासेयो) १९६९ साली सुरू झाली आणि तिचा राष्ट्रीय पुरस्कार १९९३-९४ मध्ये. मधली चोवीस वर्षं देशभरातले विद्यार्थी दिल्लीच्या कुठल्याही पदकाविना खणत, बांधत, शिकवत राहिले. आज उत्कृष्ट स्वयंसेवक, उत्कृष्ट एकक (महाविद्यालयातला स्वयंसेवकांचा गट) आणि उत्कृष्ट कार्यक्रम अधिकारी (तो गट सांभाळणारा प्राध्यापक) यांचे प्रस्ताव मागवणारं विद्यापीठाचं परिपत्रक आलं की महाविद्यालयात कागदांची जी जमवाजमव सुरू होते, तिचं मूळ या क्रमात आहे. योजना आधी आली, तिची मोजमापं ठरली आणि पुरस्कार नंतर त्या मोजमापांवर उभा केला गेला. ती मोजमापं मात्र कुणाचं काम सरस हे ठरवण्यासाठी केलेली नव्हती. किमान एवढं तरी काम व्हावं, इतकंच त्यांतून सांगायचं होतं.

सक्ती की स्वेच्छा, हा वाद योजनेपेक्षा वीस वर्षांनी जुना आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस केली होती. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने जानेवारी १९५० मध्ये त्यावर विचार केला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यार्थ्यांनी वर्षभर श्रमसेवा करावी, ही कल्पना पुढे आली. १९५८ साली पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एक पाऊल पुढे टाकलं: पदवी हवी असेल तर आधी समाजसेवा, अशी अट घालता येईल का?

या प्रश्नाचा अभ्यास करायला १९५९ च्या ऑगस्टमध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीचा सल्ला स्पष्ट होता. शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी आणि ती सक्तीची असावी. इतक्या मुलांना वर्षभर ठेवायचं कुठे, खायला काय घालायचं, देखरेख कोण करणार आणि खर्च कोण उचलणार, या प्रश्नांशी शिफारस अडली. पुढच्याच वर्षी के. जी. सय्यदैन यांनी अनेक देशांतल्या युवकसेवेचा अभ्यास केला आणि कल उलट्या बाजूला झुकला: सुरुवात स्वेच्छेने करा, योजना लवचीक ठेवा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) समाजसेवा शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याशी जोडावी असं म्हटलं.

निर्णायक धक्का मात्र एनसीसीकडून आला. १९६२ च्या चीन युद्धानंतर पदवीच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. एकदम एवढी मुलं परेडला उभी राहिली. तेवढे प्रशिक्षक आणि तेवढं साहित्य नव्हतं. पाच वर्षांत ही सक्ती पेलवत नाही हे दिसलं. एप्रिल १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत तोडगा निघाला. एनसीसी ऐच्छिक ठेवायची, तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना द्यायची आणि चांगल्या खेळाडूंना या दोन्हींतून सवलत द्यायची. सप्टेंबरमध्ये कुलगुरूंच्या परिषदेने त्याचं स्वागत केलं. मे १९६९ मध्ये विद्यार्थी प्रतिनिधींच्या परिषदेनेही पाठिंबा दिला. चौथ्या पंचवार्षिक योजनेत ५ कोटी रुपये मंजूर झाले. त्या वेळी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते, जे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना सुरू केली. पहिल्या वर्षी लक्ष्य होतं ४०,००० विद्यार्थ्यांचं. आज ही संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे.

हा इतिहास इतका सविस्तर सांगायचं कारण असं की तासांचा हिशेब याच वादातून आला आहे. वर्षभराची सक्ती परवडणारी नव्हती आणि निव्वळ स्वेच्छेला प्रमाणपत्र देता येत नव्हतं. मग मधली वाट निघाली. शिकत असतानाच, आठवड्याचे थोडे तास, दोन वर्षं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. त्या १२० मधले साधारण २० तास ओळख आणि प्रशिक्षणाचे, उरलेले १०० प्रत्यक्ष कामाचे. साधारण १०० स्वयंसेवकांमागे एक एकक आणि एक कार्यक्रम अधिकारी. प्राध्यापकाचं मूळ काम सुटत नाही, वर ही जबाबदारी येते. तिची मुदत तीन वर्षं, फार तर आणखी एक.

विशेष शिबिरांचा जन्म दुष्काळात झाला. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला होरपळून काढत होता, आणि १९७३ मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ ही शिबिरांची पहिली मोठी मोहीम देशभर झाली. नंतरच्या वर्षांत अस्वच्छता आणि रोगराई, मग वनीकरण, मग ग्रामीण पुनर्रचना असे विषय येत गेले. महाराष्ट्रात अशा शिबिराला जमीन तयारच होती. गाडगेबाबांचा खराटा, तुकडोजी महाराजांचं ग्रामसेवेचं काम, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतलं ‘कमवा आणि शिका’, बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी हे सगळं आधीपासून चालू होतं. म्हणूनच आपल्याकडे कागदावरच्या ‘विशेष शिबिरा’ला महाविद्यालयं सर्रास ‘श्रमसंस्कार शिबिर’ म्हणतात. आज ते सात दिवसांचं असतं, दत्तक गावात (महाविद्यालयाने कामासाठी निवडलेल्या गावात) होतं आणि एककातल्या निम्म्या स्वयंसेवकांसाठी असतं. शिबिराचे तास १२० मध्ये धरायचे नसतात, ते वेगळे. पहिल्या वर्षीचा स्वयंसेवक आणि कधीकधी नवा कार्यक्रम अधिकारीही इथेच चुकतो आणि नोंदवहीत तेच तास दोनदा पडतात.

पैशाचं गणित पाहिलं की शिबिराचं रूप समजतं. दीर्घकाळ दर असा होता: नियमित कामासाठी प्रति स्वयंसेवक वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५०. म्हणजे शिबिरात माणशी दिवसाला सुमारे ६४ रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, प्रवास, साहित्य सगळं. पन्नास मुलांच्या शिबिराला २२,५०० रुपये. हे गाव सांभाळून घेतं म्हणून जमतं. शाळेच्या खोल्या मिळतात, ग्रामपंचायत पाणी देते, एखाद्या घरातून ज्वारी येते. अनुदानाचा भार आधी केंद्र आणि राज्य ७:५ या प्रमाणात उचलत. २०१६-१७ पासून योजना पूर्णपणे केंद्राच्या निधीवर आहे. हप्ता उशिरा आला की शिबिर डिसेंबरवरून फेब्रुवारीत जातं, परीक्षा आडव्या येतात, मुलं गळतात. आधीचं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आणि लेखापरीक्षण वेळेत गेलं नाही, हे या उशिराचं सर्वांत नेहमीचं कारण.

योजनेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९९३-९४ मध्ये, राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. महाराष्ट्राला ते वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि अनेक महाविद्यालयांचे स्वयंसेवक मदतकार्यात उतरले. सुरुवातीला पुरस्काराला इंदिरा गांधींचं नाव होतं. पुढे तो राष्ट्रीय सेवा योजना पुरस्कार झाला आणि अलीकडे त्यात ‘माय भारत’ हे नाव आलं आहे. तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. २०१९-२० च्या पुरस्कारांत रचना अशी होती: पहिल्या विद्यापीठाला किंवा उच्च माध्यमिक परिषदेला ५ लाख, दुसऱ्याला ३ लाख. दहा एककांना प्रत्येकी २ लाख आणि त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना प्रत्येकी दीड लाख. तीस स्वयंसेवकांना प्रत्येकी १ लाख, प्रमाणपत्र आणि रौप्यपदक.

या रचनेतली सर्वांत चांगली गोष्ट क्वचित बोलली जाते. विद्यापीठाचे आणि एककाचे पैसे कामाच्या विकासासाठी असतात, कुणाच्या खिशात जात नाहीत. दोन लाख म्हणजे, जुन्या दराने, पन्नास मुलांच्या जवळजवळ नऊ शिबिरांचा खर्च. चांगल्या एककाला तेच काम पुढे न्यायला बळ मिळतं. वैयक्तिक पुरस्कारापेक्षा हा भाग योजनेच्या स्वभावाशी अधिक जुळतो. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ असं ब्रीद असलेल्या योजनेत एका मुलाला वेगळं काढून उभं करणं मुळातच अवघड असतं.

प्रस्तावाचा प्रवास खालून वर जातो. महाविद्यालय विद्यापीठाच्या रासेयो विभागाकडे पाठवतं. तिथे विद्यापीठाचे स्वतःचे पुरस्कार ठरतात. तिथून निवडक प्रस्ताव राज्याच्या कक्षाकडे जातात, राज्यस्तरीय पुरस्कारांसाठी आणि पुढच्या शिफारशीसाठी. शेवटची निवड दिल्लीत. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी केंद्राचं क्षेत्रीय संचालनालय पुण्यात आहे. राष्ट्रीय पातळीवर स्वयंसेवकाने सलग दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं असावं लागतं. शिवाय राष्ट्रीय एकात्मता शिबिर, साहस शिबिर, दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनाचं जानेवारीतलं महिनाभराचं शिबिर अशा सहभागाला वजन असतं. महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाचं ‘आव्हान’ आणि सांस्कृतिक ‘उत्कर्ष’ हेही यादीत येतात.

इथे एक खोट शिरते. राष्ट्रीय शिबिरांच्या जागा विद्यापीठामागे मोजक्या असतात. निवड कवायत, उंची, हिंदी-इंग्रजी बोलणं आणि मंचावरचा वावर यांवर होते. मेळघाटातल्या किंवा गगनबावड्याच्या महाविद्यालयातली एखादी मुलगी दोन वर्षं दत्तक गावात कुपोषित बालकांची वजनं नोंदवत राहिली, तर तिच्या कामाला प्रमाणपत्र नसतं. आणि प्रमाणपत्र नसलेल्या कामाला निवड समितीच्या तक्त्यात रकाना नसतो.

बहुतेक प्रस्ताव पडतात ते मात्र साध्या कारणांनी. डायरीतली तारीख, हजेरीपटातली तारीख आणि छायाचित्रावरची तारीख जुळत नाही. परीक्षेच्या दिवशी श्रमदानाचे चार तास पडलेले असतात. पन्नास मुलांच्या डायऱ्या एकाच अक्षरात, एकाच शाईत लिहिलेल्या असतात. म्हणजे त्या मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या गेल्या. ‘५०० झाडे लावली’ असं लिहिलेलं असतं, पण पुढच्या मे महिन्यात किती जगली, ते कुठेच नसतं. याला उपाय कष्टाचा नाही. डायरी कामाच्या दिवशीच लिहावी आणि कार्यक्रम अधिकाऱ्याने दर महिन्याला सही करावी. कामाची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजून त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह नोंदवावी. सलग समतल चर (उतारावर समान उंचीच्या रेषेत खणलेला) ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर प्रत्येक धावत्या मीटरमागे एका भरण्यात १८० लिटर पाणी थांबतं. चारशे मीटर चर खणले असं मोजून सांगितलं की ७२,००० लिटरचा आकडा आपोआप उभा राहतो. ‘जलसंधारणाचे भरीव कार्य’ या शब्दांपेक्षा तो समितीला जास्त पटतो.

कामाची निवडही हंगामाशी जुळावी लागते, आणि पुरस्काराच्या ओढीत नेमकं हेच विसरलं जातं. वनराई बंधारा पाऊस ओसरताना, ऑक्टोबरमध्ये, नाला वाहत असतानाच घालायचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून, तोंड शिवून, तळ साफ करून, सांधे एकावर एक न येतील अशा रचायच्या. जानेवारीच्या शिबिरात कोरड्या नाल्यात रचलेला बंधारा छायाचित्रात छान दिसतो, पण अडवायला पाणीच नसतं. झाडांचंही तसंच. डिसेंबरात लावलेलं रोप फेब्रुवारीत वाळतं. खड्डे उन्हाळ्यात, लागवड जूनच्या शेवटी-जुलैत, आणि तीही शिबिरात नव्हे तर नियमित १२० तासांतून. हिवाळी शिबिरात चर, शोषखड्डे, परसबाग, आरोग्य तपासणी, घरोघरचं सर्वेक्षण ही कामं शोभतात. आणि सर्वेक्षण पहिल्या वर्षी झालं तरच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गावात काय बदललं, ते दाखवता येतं. त्यासाठी दत्तक गाव जवळचं हवं. महाविद्यालयापासून चाळीस किलोमीटरवरचं निसर्गरम्य गाव शिबिरापुरतं बरं. वर्षभराचे तास तिथे भरत नाहीत, मग ते डायरीतच भरतात.

विद्यार्थ्याला पुरस्काराखेरीज आणखी काही मिळतं. मुंबई विद्यापीठात रासेयो आणि विस्तार कार्यासाठी १० गुणांपर्यंत सवलत देण्याची पद्धत चालत आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात राष्ट्रीय सेवा योजना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) आली. क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकाला सत्रात किमान ३० तास लागतात, आणि १२० तासांचं जुनं माप त्यात सहज बसतं. त्यामुळे १९५९ चा सक्ती की स्वेच्छा हा प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. श्रेयांकासाठी नाव नोंदवलेल्या मुलांची संख्या वाढते, पण एककाची मर्यादा आणि अधिकाऱ्याचा वेळ तेवढाच राहतो. ज्या महाविद्यालयांनी श्रेयांकाचे तास आणि त्यापलीकडचं ऐच्छिक काम यांच्या नोंदवह्या वेगळ्या ठेवायला सुरुवात केली आहे, त्यांना पुढे प्रस्ताव लिहिताना दुसरी वही जास्त उपयोगी पडेल.