मैद्याच्या कपातली हवा

केकच्या पाककृतींखाली एक वाक्य वारंवार दिसतं: ‘१ कप म्हणजे २५० ग्रॅम मैदा.’ हे साफ चूक आहे, आणि चूक जवळजवळ दुपटीची आहे. २५० मिलिलिटरच्या कपात पाणी २५० ग्रॅम मावतं, म्हणून मैद्यालाही तोच आकडा चिकटवला जातो.

मग खरा आकडा कोणता? अमेरिकी कप २३७ मिलिलिटरचा. त्यात चमच्याने अलगद मैदा घालून वरून सुरी फिरवली तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४० ते १५०. साखर मात्र कशीही भरा, सुमारे २०० ग्रॅमच येते. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट मापांचा आग्रह धरला आणि कपावरची शीग गेली. कपाच्या आतली हवा तशीच राहिली.

ही हवा थोडी नाही. मैद्याचा कण पाण्यापेक्षा जड असतो, घनता सुमारे १.४५. म्हणजे १२० ग्रॅम मैद्याचे नुसते कण ८३ मिलिलिटर जागा व्यापतात. उरलेले १५४ मिलिलिटर, कपाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग, निव्वळ हवा! एकसारखे गोल गोळे डब्यात ओतून हलवले तर ते ६४ टक्के जागा भरतात. मैदा ३५ टक्क्यांवरच का अडतो?

कारण त्याचे कण एकमेकांना चिकटतात. कोणत्याही दोन कणांमध्ये व्हान डेर वाल्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं क्षीण आकर्षण असतं. ते कणाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होतं, वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. रव्याचा कण ०.३ मिलिमीटरचा आणि मैद्याचा ०.०५ चा धरा. व्यास सहापट घटला, तर आकर्षण सहापट घटलं आणि वजन २१६ पट. म्हणजे वजनाच्या तुलनेत चिकटपणा ३६ पट वाढला. रव्याचा कण शेजाऱ्यांवरून घरंगळत खळग्यात जाऊन बसतो. मैद्याचा कण जिथे प्रथम टेकतो तिथेच अडकतो. अशा अडकलेल्या कणांच्या कमानी होतात, कमानीखाली पोकळी राहते, तिच्यावर पुन्हा कमान. कप ओट्यावर आपटला की त्या मोडतात, चाळणीतून पडताना नव्याने उभ्या राहतात. ठोकून भरलेल्या पुडीची घनता भागिले सैल घनता, याला हॉसनर गुणोत्तर म्हणतात. ते १.२५ च्या खाली असेल तर पूड सहज वाहते, १.४ च्या वर गेलं तर कण एकमेकांना सोडत नाहीत. मैदा या दुसऱ्या टोकाकडे झुकतो, त्यामुळे त्याची घनता त्याला नुकतंच कसं हाताळलं यावर ठरते.

आपल्याकडे धान्य पायलीने, मापट्याने मोजत, ते योग्यच होतं, कारण दाणे घरंगळतात. लिटरभर गहू साधारण ७८० ग्रॅम भरतो, पण दळून आणल्यावर पीठ त्याच डब्यात मावत नाही. याला बरकत समजणाऱ्यांनी काटा आणावा. वाढली ती हवा. वजन गिरणीत उडालेल्या पिठाइतकं कमीच झालेलं असेल.

केकमध्ये हा फरक जाणवतो. दोन कप मैद्याच्या कृतीत २४० ग्रॅमऐवजी ३०० ग्रॅम गेला की दूध तेवढंच राहून मैदा चौथाईने वाढतो, आणि केक कोरडा होऊन भेगाळतो. म्हणून मैदा काट्यावरच घ्यावा. कृती कपात दिली असेल तर कप कुठला ते आधी पाहावं: ऑस्ट्रेलियात तो २५० मिलिलिटरचा, जपानात २०० चा. कृती अमेरिकी असेल आणि वजन दिलेलं नसेल, तर कपाला १२० ते १२५ ग्रॅम धरून चालावं.

यीस्ट आणि बेकिंग पावडर मात्र सपाट चमच्यानेच घ्यावी. घरचा काटा सहसा एका ग्रॅमखालचं दाखवत नाही, आणि तीन ग्रॅम यीस्टमध्ये एक ग्रॅम इकडेतिकडे होणं म्हणजे तिसऱ्या हिश्शाची चूक.