चर्चची मदत फक्त ख्रिस्ती निर्वासितांनाच?

म्हापशाच्या बाजारात पावभाजी खाताना हमखास ऐकू येणारं वाक्य: "चर्चवाले निर्वासितांना मदत करतात, पण आपल्याच धर्माच्या!" पोर्तुगीज काळात धर्मछळामुळे कुठ्ठाळीचा देव मंगेश रातोरात प्रियोळला न्यावा लागला, हे ज्या गोव्याला आठवतं, तिथे असा संशय रुजणं साहजिक आहे. मात्र आजचा व्यवहार वेगळाच आहे.

16 एप्रिल 2016 रोजी ग्रीसच्या लेस्बोस बेटावर पोप फ्रान्सिस, पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू आणि अथेन्सचे आर्चबिशप येरोनिमोस एकत्र गेले. जवळजवळ हजार वर्षं दुरावलेल्या कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन परंपरांचे हे प्रमुख: पोप कॅथलिकांचे, बाकीचे दोघे ऑर्थोडॉक्स. निर्वासितांसाठी त्यांनी एकाच निवेदनावर सह्या केल्या. परतीच्या विमानात पोपसोबत तीन सीरियन कुटुंबं होती, एकूण 12 माणसं. सगळी मुस्लिम.

त्याच्या आधी, डिसेंबर 2015 मध्ये, इटलीत कॅथलिकांची सांत'एजिडिओ संघटना आणि प्रॉटेस्टंट चर्चेस यांनी सरकारशी करार केला होता. सरकारने व्हिसा द्यायचा. प्रवास, घर, भाषेचे वर्ग हा खर्च चर्चने उचलायचा. त्यात वाल्डेन्सियन हा इटलीतला जुना प्रॉटेस्टंट पंथही होता, ज्याला एकेकाळी कॅथलिकांनीच छळलं! निवड धर्मावर नाही. आजारी, लहान मुलं, एकट्या बाया आधी.

आपल्याकडे पाहायचं तर तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळांच्या छावण्या. तिथले बहुतेक लोक हिंदू. तिथे काम करणारी जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस 1980 साली सुरू झाली, आणि ती चालवणारा जेझुइट हा कॅथलिक धर्मसंघ जुन्या गोव्यातल्या गोंयच्या सायबाचाच, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा.