मिसाईल यायला सात मिनिटं, मग विचार कधी करायचा?

९ मार्च २०२२ ला संध्याकाळी आपल्याकडून एक ब्राह्मोस मिसाईल चुकून सुटलं आणि बॉर्डर ओलांडून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नू शहराजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कोणाचा जीव गेला नाही, थोडीफार पडझड झाली. पाकिस्तानी सैन्याने सांगितलं की ते ४० हजार फुटांवरून त्यांच्या हद्दीत १२४ किमी आत आलं आणि त्याला लागले ३ मिनिटं ४४ सेकंद. आपल्या सरकारने हे जाहीरपणे मान्य केलं दोन दिवसांनी, ११ मार्चला, आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. अणुबॉम्ब असलेल्या एका देशाचं मिसाईल अणुबॉम्ब असलेल्या दुसऱ्या देशात जाऊन पडलं आणि आपण ही बातमी आठवड्याभरात विसरलो, हे मला आजही पटत नाही.

कारण इथे खरा प्रश्न वेळेचा आहे. बॅलिस्टिक मिसाईलमध्ये रॉकेट सुरुवातीला जोर देतं, मग इंजिन बंद होतं आणि पुढचा सगळा प्रवास फेकलेल्या दगडासारखा होतो, त्यामुळे अकरावीच्या फिजिक्समधलं प्रोजेक्टाइल मोशन लावलं तरी अंदाज येतो. दिल्ली ते इस्लामाबाद सरळ रेषेत सातशे किमीच्या आत आहे. तेवढं लांब जायला सेकंदाला साधारण अडीच किमी वेग लागतो आणि हवेत वेळ जातो सहा मिनिटांच्या थोडा वर, रॉकेट जळण्याचा वेळ धरला तर सात-आठ. रशिया आणि अमेरिकेला एकमेकांचं मिसाईल यायला अर्धा तास तरी मिळतो. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत सॅटेलाइटने अमेरिकेतून मिसाईल सुटल्याचं दाखवलं तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने हा खोटा अलार्म आहे असं ठरवलं, आणि ते बरोबर निघालं, ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने सिस्टीम फसली होती. आपल्याकडे असा कोणी पेत्रोव असला तरी त्याला विचार करायला वेळच मिळणार नाही.

क्रूझ मिसाईलचं, म्हणजे ब्राह्मोससारख्या शेवटपर्यंत इंजिनवर उडणाऱ्या मिसाईलचं, तर अजून अवघड. ते जमिनीला लागून उडू शकतं, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे १५ मीटर उंचीवरून येणारी वस्तू जमिनीवरच्या रडारला तीस-पस्तीस किमीवर आल्याशिवाय दिसतच नाही. वेग आवाजाच्या दुपटीच्या वर असेल तर हातात उरतात चाळीस-पन्नास सेकंद. जुलै २०२५ मध्ये पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्ला यांनी एका मुलाखतीत हेच सांगितलं, की मे महिन्यातल्या भारत-पाक संघर्षात त्यांच्या नूर खान एअरबेसवर ब्राह्मोस आलं तेव्हा त्यात अणुबॉम्ब आहे की नाही हे ठरवायला ३० ते ४५ सेकंद होते.

आता अशा परिस्थितीत युद्ध टाळतं काय, तर अगदी कंटाळवाणे कागद. १९८६-८७ मध्ये राजस्थानात आपला ब्रासटॅक्स नावाचा प्रचंड लष्करी सराव चालू होता, पाकिस्तानला वाटलं हल्लाच होतोय आणि दोन्हीकडचं सैन्य बॉर्डरवर आलं. त्या धसक्यातून ३१ डिसेंबर १९८८ ला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या संसदेवर हल्ला झाला त्यानंतर तीनच आठवड्यांत १ जानेवारी आली, सैन्य समोरासमोर होतं, तरी याद्या दिल्या गेल्या. मला ही आपल्या दोन्ही देशांनी केलेल्या सगळ्यात शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते. १९७१ नंतर सुरू झालेली डीजीएमओ (दोन्ही सैन्यांचे लष्करी कारवायांचे प्रमुख) हॉटलाईनही तशीच, १० मे २०२५ ला दुपारी ३:३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं.

पण या कागदांत एक मोठं भोक राहिलंय. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक मिसाईलच्या टेस्टची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते आणि लाँचची जागा बॉर्डरपासून ४० किमीच्या आत चालत नाही. क्रूझ मिसाईल त्यात नाही. २००७ चा अपघातांचा करार आहे, पण तो अण्वस्त्रांपुरता. म्हणजे मियाँ चन्नूला जे पडलं ते दोन्हीतून निसटलं, आणि मे २०२५ मध्ये दोन्हीकडून ड्रोन उडाले, त्यांच्यासाठीही असा करार नाही. मिसाईल चुकून सुटलं तर काही मिनिटांत समोरच्याला फोन करायचा, एवढी एक ओळ दोन्ही सरकारांनी लिहून सही करायला मैत्री असावी लागत नाही. ब्रासटॅक्सनंतर सही केली तेव्हाही ती नव्हती.