पॅलाडिनचा कोड आणि पॅलाडिनची शपथ, दोन्ही एकच नाहीत

मागच्या रविवारी आमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा गेम, ज्यात प्रत्येक जण एक कॅरेक्टर घेऊन सगळे मिळून गोष्ट खेळतात, जवळजवळ पाऊण तास थांबला होता. एक मित्र ओथ ऑफ व्हेंजन्सचा, म्हणजे सूडाची शपथ घेतलेला पॅलाडिन (दैवी ताकदीचा योद्धा) खेळतोय, त्याने एका पकडलेल्या पंथवाल्याला सांगितलं की तुझ्या साथीदाराने सगळं ओकलंय, जे साफ खोटं होतं, पण तो माणूस घाबरला आणि पळवून नेलेली पोरं कुठे ठेवलीत ते बोलून गेला. लगेच दुसऱ्या बाजूने आवाज आला, अरे तू पॅलाडिन आहेस ना, खोटं कसं बोललास, गेल्या तुझ्या पॉवर्स! मी डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा), त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ज्याने हरकत घेतली तो ३.५ या आधीच्या एडिशनवर वाढलेला जुना खेळाडू आहे आणि त्याच्या डोक्यात जे होतं ते त्या पुस्तकात खरंच लिहिलेलंय. फक्त आम्ही खेळत होतो पाचवी एडिशन. तिथे पॅलाडिनला कोड (सगळ्या पॅलाडिनांसाठी एकच वागण्याची नियमावली) नसतो, शपथ असते, आणि हे दोन्ही एकच समजल्यामुळे इतकी भांडणं होताना मी पाहिलीयेत की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

आधी कोड. पॅलाडिन हा शब्द मुळात शार्लमेन राजाच्या बारा सरदारांच्या फ्रेंच वीरकथांमधून आला, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्समधे हा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत पहिल्यांदा दिसला. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड प्लेअर्स हँडबुकमधे त्याच्यावर इतकी बंधनं होती की आज वाचताना दमायला होतं. फक्त माणूस, करिष्मा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा) किमान १७, अलाइनमेंट (नैतिक कल) लॉफुल गुडच, म्हणजे नियमाने चालणारा आणि चांगला, जादूच्या वस्तू जास्तीत जास्त दहा, कमाईचा दहावा हिस्सा दान. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात, ते म्हणजे चुकीचे दोन वेगळे दर्जे होते. जाणूनबुजून केऑटिक (नियम मोडणारं) कृत्य केलं तर सातव्या लेव्हलच्या किंवा वरच्या लॉफुल गुड क्लेरिकपुढे (पुजाऱ्यापुढे) कबुली द्यायची आणि प्रायश्चित्त घ्यायचं, विषय संपला. पण जाणूनबुजून इव्हिल कृत्य केलं तर पॅलाडिनपण तिथल्या तिथे गेलं आणि कायमचं गेलं, उरलेलं आयुष्य साधा फायटर. म्हणजे नियम मोडणं आणि वाईट वागणं यात त्या पुस्तकाने तेव्हाच फरक केला होता.

तिसऱ्या एडिशनमधे (२०००, आणि मग २००३ ची ३.५) हे जरा सैल झालं. योग्य सत्तेचा मान राखायचा, इमानाने वागायचं म्हणजे खोटं नाही, फसवणूक नाही, विष नाही, गरजूंना मदत करायची आणि निरपराधांना त्रास देणाऱ्यांना शिक्षा करायची. स्वतःहून इव्हिल कृत्य केलं किंवा कोड ढळढळीतपणे मोडला तर पॉवर्स जातात, प्रायश्चित्त घेतलं तर परत मिळू शकतात. ढळढळीतपणे हा शब्द परत वाचा. पोरं वाचवायला मारलेली एक थाप ढळढळीत मोडण्यात बसते का, मला तरी वाटत नाही, त्यामुळे आमचा जुना खेळाडू त्याच्या स्वतःच्या पुस्तकाप्रमाणेही घाई करत होता.

कोडची खरी अडचण दुसरीच होती. पॅलाडिनने इव्हिल माणसाबरोबर जाणूनबुजून राहायचं नाही आणि आपल्या नीतीला सतत धक्का देणाऱ्याची साथही सोडायची, असं लिहिलं होतं, म्हणजे एका कॅरेक्टरचा कोड अख्ख्या पार्टीवर, म्हणजे बरोबरच्या सगळ्या कॅरेक्टर्सवर लागू व्हायचा. रोगने (चोर क्लासच्या कॅरेक्टरने) खिसा मारला की पॅलाडिनवाला त्याच्यावर पहारा करत बसणार आणि दोन माणसं मजा करायला आलेली असताना संध्याकाळ त्यातच जाणार. वर डिटेक्ट इव्हिल (कोण इव्हिल आहे ते ओळखायची पॉवर) हवं तेव्हा वापरता यायचं, त्यामुळे काही जण बाजारात शिरल्या शिरल्या सगळ्यांवर नजर फिरवायचे आणि जो चमकला त्याच्यावर तलवार काढायचे. आता एखादा कंजूस दुष्ट सावकारही इव्हिल असू शकतो, म्हणून त्याला रस्त्यात कापणं चांगलं काम होत नाही, पण हे पटवताना मी कित्येकदा घसा कोरडा केलाय.

आता शपथ. २०१४ च्या पाचव्या एडिशनमधे अलाइनमेंटची अट काढूनच टाकली. (अट आधीच ढिली झाली होती, २००८ च्या चौथ्या एडिशनमधे अलाइनमेंट देवाशी जुळली की पुरे होतं.) इथे तिसऱ्या लेव्हलला पॅलाडिन शपथ घेतो आणि हँडबुकमधे त्या तीन होत्या, डिव्होशन, एन्शंट्स आणि व्हेंजन्स, २०२४ च्या पुस्तकात ग्लोरी धरून चार झाल्या. ताकद देवाकडून येते तितकीच त्या बांधिलकीतून येते. डिटेक्ट इव्हिलच्या जागी डिव्हाइन सेन्स आलं, जे ६० फुटांच्या आत सेलेस्टियल (स्वर्गीय जीव), फीन्ड (राक्षस) किंवा अनडेड (मेल्यावरही वावरणारा जीव) आहे का आणि जागा पवित्र केलेली की भ्रष्ट केलेली एवढंच सांगतं, समोरच्या माणसाच्या मनात पाप आहे की नाही ते अजिबात सांगत नाही. माझ्या मते हा त्या एडिशनमधला सगळ्यात शहाणा बदल, कारण आता पॅलाडिनला माणसाशी बोलून, बघून, विचार करून ठरवावं लागतं.

म्हणून टेबलावर पहिला प्रश्न हाच यायला हवा की शपथ कुठली. २०१४ च्या पुस्तकात डिव्होशनमधे खोटं बोलू नकोस, फसवू नकोस हे सरळ लिहिलंय, तिथे ती थाप म्हणजे शपथेला तडा. एन्शंट्सवाल्याचं सगळं लक्ष जगातला आनंद आणि उजेड टिकवण्यावर, खोट्याबद्दल त्यात शब्द नाही. आणि व्हेंजन्समधे तर मिळेल त्या मार्गाने हे कलमच आहे. पण थांबा, कारण इथेच उलट्या बाजूची गडबड होते, व्हेंजन्स घेतलं म्हणजे काहीही करायला मोकळे असं समजणारे खूप भेटतात. बाकीची कलमं वाचतच नाहीत. मोठं पाप आणि छोटं पाप यात निवडायची वेळ आली तर मोठ्याशी लढायचं, दया नाही ती फक्त ज्यांच्याविरुद्ध शपथ घेतली त्यांना, साध्या शत्रूला दया दाखवता येते. आणि चौथं कलम भरपाईचं, शत्रूने जगाची वाट लावली तर ती माझ्या अपयशामुळे, म्हणून त्यात भरडलेल्यांना मदत करणं माझ्यावर आलं. पाकीटमाराची बोटं तोडणारा व्हेंजन्स पॅलाडिन यातलं एकही कलम पाळत नसतो.

मला हा फरक नीट कळला तो महाभारतामुळे. कर्णपर्वात युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो की गांडीव दुसऱ्या कुणाला तरी दे, आणि असं म्हणणाऱ्याला मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा असते, तो खरंच तलवार उपसतो. ही शुद्ध शपथ, चांगलं काय ते बाजूला. कृष्ण त्याला कौशिक ऋषींची गोष्ट सांगतो, ज्यांनी सत्याचं व्रत घेतलेलं आणि लुटारूंनी विचारल्यावर लपलेली माणसं कुठे आहेत ते खरं सांगून टाकलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेले. मग मार्ग काय, तर थोरल्याला तू म्हणणं हाच त्याचा वध, म्हणून अर्जुनाने युधिष्ठिराला अरेतुरे करून बोलायचं. प्रतिज्ञाही राहिली आणि भाऊही वाचला. शपथेचा पॅलाडिन खेळणाऱ्याने अशी वाट शोधावी असं मला मनापासून वाटतं, आणि डीएमने ती शोधायला वाव द्यावा.

गंमत म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या एका खेळाने, २०१९ च्या पाथफाइंडर सेकंड एडिशनने हाच घोळ नियमातच सोडवला होता. तिथे पॅलाडिन हा चॅम्पियन क्लासचा एक प्रकार होता आणि त्याची तत्त्वं महत्त्वाच्या क्रमाने लावलेली, दोन तत्त्वं भिडली की वरचं जिंकतं. उदाहरणही जवळजवळ कौशिकांचंच दिलंय, दुष्ट राजाने विचारलं की निरपराध लोक कुठे लपलेत तर खोटं बोलायला हरकत नाही, कारण निरपराधांना वाचवणं खरं बोलण्याच्या वर आहे.

शपथ मोडली तर काय, हेही कोडपेक्षा वेगळं. पाचवी एडिशन मान्य करते की सगळ्यात चांगला पॅलाडिनही चुकतो, मग तो आपल्या श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा आपल्याच पंथातल्या पॅलाडिनकडे जातो, रात्रभर जागून प्रार्थना करतो किंवा उपास करतो आणि पुन्हा उभा राहतो. मुद्दाम मोडली आणि पश्चात्तापही नाही, तर डीएम क्लास बदलायला लावू शकतो किंवा तो ओथब्रेकर (शपथ मोडलेला काळा पॅलाडिन) होतो, आणि त्यासाठी कॅरेक्टर इव्हिल असायला लागतं. याच नियमांवर बेतलेला बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळून आलेल्यांना हे वेगळं वाटतं, कारण तिथे एखादी कृती केली की शपथ तडक तुटते आणि ओथब्रेकर नाइट कॅम्पवर हजर होतो. कॉम्प्युटरला मनातला हेतू विचारता येत नाही, टेबलावर येतो, तेव्हा विचारा.

तर त्या रविवारी मी पुस्तक उघडून मित्राला व्हेंजन्सची चारही कलमं मोठ्याने वाचायला लावली. थापेने काहीच मोडलं नव्हतं. पण चौथं कलम वाचताना तो अडखळला, कारण पोरं ज्या गावातून पळवली ते गाव अजून जळत होतं, माणसं ढिगाऱ्याखाली होती, आणि पंथाचा म्होरक्या उत्तरेकडे पळत होता, ज्याच्यासाठी ही शपथ घेतली तोच. गावात थांबायचं की त्याच्या मागे जायचं हे त्याने अजून सांगितलेलं नाही, या रविवारी तिथूनच सुरू करायचंय.