फुटबॉल कॉमेंटेटर आणि फुटबॉल पत्रकारांची कारकीर्द
फुटबॉलची मॅच रेडिओ-टीव्हीवर सांगणारी आणि पेपरात लिहिणारी माणसं खेळाडूंपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. खेळाडू पस्तिशीच्या आसपास बूट काढून ठेवतो, पण इंग्लिश कॉमेंटेटर जॉन मॉट्सन १९६८ला बीबीसीत आले ते २०१८ला निवृत्त झाले, म्हणजे तब्बल ५० वर्षं.

ब्रिटनमध्ये फुटबॉलची लाइव्ह कॉमेंट्री रेडिओवर सुरू झाली २२ जानेवारी १९२७ला, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, माइकवर टेडी वेकलम. बॉल कुठंय ते घरी बसलेल्याला कळावं म्हणून 'रेडिओ टाइम्स' या बीबीसीच्या साप्ताहिकात मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा छापला होता आणि वेकलमच्या शेजारचा माणूस मधेमधे नुसता चौकोनाचा नंबर सांगायचा. टीव्ही आल्यावर बॉल सगळ्यांनाच दिसायला लागला, मग कधी गप्प बसायचं हेच खरं कसब झालं.

बऱ्याच जणांची सुरुवात छोट्या पेपरात होते, मॉट्सनही आधी बार्नेटच्या लोकल पेपरात रिपोर्टर होते. बीबीसी टीव्हीवर ते ट्रायलवरच होते तेव्हा ५ फेब्रुवारी १९७२ला त्यांच्या वाट्याला हेरफर्ड-न्यूकॅसल ही एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या लहान-मोठ्या सगळ्या क्लबांच्या नॉकआउट स्पर्धेची मॅच आली. न्यूकॅसल फर्स्ट डिव्हिजनमधली, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या गटातली, हेरफर्ड तर लीगमध्येसुद्धा नाही, म्हणजे बीबीसीच्या हायलाइट्सच्या कार्यक्रमात शेवटी थोडंसं दाखवतील इतकीच अपेक्षा. पण त्या चिखलात हेरफर्डच्या रॉनी रॅडफर्डने लांबून असा काही बॉल हाणला की बरोबरी झाली, एक्स्ट्रा टाइममध्ये हेरफर्ड २-१ने जिंकलं आणि मॉट्सनचं नाव झालं. त्या गोलच्या क्लिपला आजही त्यांचाच आवाज आहे.

केनेथ वोल्स्टनहोम यांचं उलटं झालं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान उडवलेला हा माणूस, कॉमेंट्री कित्येक वर्षं केली, पण लोकांना आठवतं ते १९६६च्या वर्ल्डकप फायनलचं शेवटचं मिनिट. प्रेक्षक मैदानात घुसले तेव्हा ते म्हणाले, त्यांना वाटतंय सगळं संपलं, तेवढ्यात इंग्लंडच्या हर्स्टने गोल मारला आणि ते म्हणाले, आता संपलं. इतक्या वर्षांच्या कामाचं एवढंच उरावं हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

लिहिणाऱ्यांचं दुखणं म्हणजे डेडलाइन. रात्रीच्या मॅचचा रिपोर्ट शिट्टी वाजण्याआधीच लिहायला घ्यावा लागतो आणि नव्वदाव्या मिनिटाला गोल झाला की पहिला पॅराच बदलायचा. तरीही क्रीडा पत्रकार ह्यू मॅकिल्व्हॅनी यांनी 'ऑब्झर्व्हर' आणि नंतर 'संडे टाइम्स'मध्ये २०१६पर्यंत लिहिलं, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.