जोडवी का रुतली?

"सहा महिने रोज तळजाई टेकडीवर फिरायला जाते, साखर सोडली, भात अर्ध्यावर आणला. तरी वजन दोन किलो वाढलंच." पुण्यातल्या कोथरूडच्या 72 वर्षांच्या एका आजींची ही तक्रार. रक्तदाबाची गोळी बारा वर्षांपासून चालू. आजी चोरून काहीतरी खातात, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी फार्मासिस्ट आहे. ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांची औषधं तपासते. काउंटरवर माणूस फक्त चिठ्ठी पुढे करतो. घरी गेलं की डबा उघडतो. आजींचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पलंगावर उपडा केला. चिठ्ठीवर तीन औषधं होती, डब्यातून नऊ निघाली. त्यात रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम आणि गुडघ्यासाठी शेजारणीने दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मग पायांकडे लक्ष गेलं. जोडवी बोटांत रुतलेली. नडगीवर अंगठा दाबून धरला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. वाढलेल्या वजनात पाण्याचा वाटा होता, हे उघड होतं.

हे पाणी कसं साचतं, ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मी त्याच्या प्रेमात आहे. धमनीच्या अगदी बारीक फांद्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, म्हणजे नळ बंद होत जातो. अ‍ॅम्लोडिपिन कॅल्शियमची ही वाट अडवतं, नळ सैल होतो, रक्तदाब उतरतो. पण पुढच्या केसाहून बारीक केशवाहिन्यांना जोराच्या दाबापासून वाचवणारा नळही हाच. केशवाहिनीच्या सुरुवातीला दाब साधारण 35 मिलिमीटर (रक्तदाब मोजतात तेच, पाऱ्याचे), शेवटी 15. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, साधारण 25 च्या ताकदीने पाणी आत ओढून धरतात. म्हणून पहिल्या भागात पाणी बाहेर झिरपतं, पुढच्या भागात बरंचसं परत येतं, उरलेलं लसिकावाहिन्या, म्हणजे जास्तीचा द्रव रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्या, नेतात. आता केशवाहिनीच्या आधीचा नळ उघडला, पण तिच्यानंतरची सूक्ष्म शीर होती तेवढीच राहिली, तर मधला दाब चढणारच. झिरपणं वाढतं, परतणं घटतं. त्यात उभं राहिल्यावर हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचा भार पडतो. म्हणून सूज घोट्याला येते, आणि संध्याकाळी जास्त.

यातून दोन गोष्टी निघतात. ही सूज मुळात शरीरात पाणी जास्त झाल्याची नसते, म्हणून लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. आणि टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाच्या गटातली औषधं केशवाहिनीनंतरची शीरही थोडी सैल करतात, म्हणून जोडीला दिल्यास सूज कमी होते. डोस 10 वरून 5 वर आणला तरी फरक पडतो. हे ठरवायचं मात्र डॉक्टरांनी. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजारही अशीच सूज आणतो, तेव्हा गोळी आपण होऊन बंद करू नये.

डायक्लोफिनॅकचा घोळ वेगळा. मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करणारी प्रोस्टाग्लँडिनं नावाची रसायनं ते दाबतं, त्यामुळे मीठ-पाणी शरीरात अडकतं आणि रक्तदाबही वर जातो.

खोकल्यासाठी उकळलेला ज्येष्ठमधाचा काढा आजी रोज घेत होत्या. 'आयुर्वेदिक आहे, अपाय कसला?' हे वाक्य मला घरोघरी ऐकावं लागतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडात सोडियम धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम घालवतं. सैंधवाचंही तेच सांगेन: ते सोडियम क्लोराइडच आहे, रक्तदाबाला त्याची सूट मिळत नाही.

रक्तदाबासाठी चरबी घटवण्याचा उपयोग खरा आहे, यात शंका नको. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'टोन' चाचणीत 60 ते 80 वयाचे, रक्तदाबाची गोळी घेणारे 975 जण होते. वजन आणि मीठ कमी करणाऱ्यांपैकी अनेकांना गोळीविना राहता आलं. ढोबळमानाने एक किलो गेला की वरचा आकडा एक मिलिमीटरने उतरतो. पण सत्तरीत नुसती उपासमार केली तर स्नायूही झडतात. म्हणून आजींना उसळ, डाळ, ताक वाढवायला आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायला सांगितलं.

ऑस्ट्रेलियात 2001 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फार्मासिस्ट घरी जाऊन औषधांचा आढावा घेतो, अहवाल डॉक्टरांकडे जातो, आणि सरकार त्याचे पैसे देतं. आपल्याकडे 2008 पासून फार्म.डी. हा रुग्णांच्या औषधोपचारावर भर देणारा फार्मसीचा अभ्यासक्रम आहे. शिकलेली मुलं आहेत. त्यांना घरापर्यंत पाठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आजींच्या डॉक्टरांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांनी तपासण्या करून डोस बदलला, डायक्लोफिनॅक बंद केलं. तीन आठवड्यांनी जोडवी बोटात फिरू लागली. आता चरबीचे किलो उतरू लागतील, तेव्हा हीच गोळी जास्त होऊ शकते आणि उभं राहताना दाब एकदम पडू शकतो. म्हणून आजींच्या मुलीला दाब मोजायला शिकवलं: आधी पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने घसरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट नाही.