फाटकातून गाडी आली, हे जमिनीला कसं कळतं?

"गोव्याच्या मातीत लोखंड भरलंय, इथं मॅग्नेटवालं काही चालायचं नाही." डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकवलं जातं की ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. विषय असतो ड्राइव्हवे अलार्मचा. कुळागर (पोफळी-माडांची बाग) किंवा काजूची बाग असलेल्या घराचं गेट रस्त्याला लागून आणि घर दोनशे मीटर आत, मध्ये पोफळी, माड, एखादा ओहोळ. गेटातून गाडी शिरली की घरात घंटा वाजावी, एवढीच अपेक्षा असते. दुकानदार उष्णतेवर चालणारा सेन्सर हातात ठेवतो, आणि चुंबकीय सेन्सरचं नाव काढलं की वरचं वाक्य म्हणतो. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा साफ चुकीचा, आणि तो का चुकीचा हे समजून घेण्याइतका मजेशीर उपयोग शाळेतल्या चुंबकत्वाच्या धड्याचा दुसरा मला माहीत नाही.

आधी उष्णतेवाल्याचं बघू, कारण बाजारात सहज मिळतो तो तोच. त्याला पीआयआर म्हणतात. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 34 अंश, आणि या तापमानाची वस्तू मुख्यतः 9 ते 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबीच्या अवरक्त लहरी बाहेर टाकते. पीआयआरच्या पोटात अशा पदार्थाचे दोन तुकडे असतात की ज्यांचं तापमान बदललं की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. दोघांची जोडणी उलटसुलट. दोन्ही एकदम तापले तर हिशेब शून्य, आधी एक आणि मग दुसरा तापला तर इशारा. पुढचा दुधी प्लॅस्टिकचा घुमट म्हणजे फ्रेनेल भिंग. ही जात मुळात 1820 च्या दशकात दीपगृहांसाठी जन्मली. घुमटावर अशी बरीच छोटी भिंगं असतात आणि ती समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. जो हे पट्टे आडवे ओलांडतो तो सेन्सरला लख्ख दिसतो. जो सरळ सेन्सरच्या दिशेने चालत येतो तो फार उशिरा दिसतो. आणि आपण हा डबा लावतो कुठे? गेटाच्या खांबावर, वाटेकडे तोंड करून! तो नेहमी वाटेला आडवा बघेल असाच लावायला हवा. खिडकीच्या काचेमागे तर लावूच नये, 10 मायक्रॉनच्या लहरी काचेतून जात नाहीत.

गोव्यात याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. सावलीतली हवा 34 अंशांवर गेली की माणूस आणि मागची भिंत एकाच तापमानाची होतात, आणि सेन्सरच्या दृष्टीने माणूस नाहीसा होतो. भर उन्हात चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत माणसापेक्षा खूप तापते, तेव्हा माणूस गार डागासारखा दिसतो आणि घंटा पुन्हा वाजू लागते. त्याच वेळी वाऱ्यावर हलणारं केळीचं तापलेलं पान माणसापेक्षा जास्त गडबड उडवतं. शिवाय कुत्री, रानडुक्कर, काजूच्या बोंडांसाठी येणारा गवा, आणि पहाटे सायकलवरून येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. त्याचा भोंपू तर आधीच ऐकू आलेला असतो.

रात्री दोन वाजता घंटा वाजते, टॉर्च मारला तर वाटेवर चिटपाखरू नाही. मग घरातलं कोणीतरी हळूच म्हणतं, देवचार फिरला, म्हणजे गावाची राखण करणारा देव. राखणदारावरच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण आधी स्टूल घेऊन भिंगाजवळ जाऊन बघावं. तिथं बहुतेक वेळा एक कोळी जाळं विणत बसलेला असतो. भिंगापासून अर्ध्या इंचावर चालणारा कोळी सेन्सरला बैलाएवढा वाटतो. कोळ्याचा नारळ राखणदाराच्या नावावर फोडू नये.

आता माझ्या आवडीच्या यंत्राकडे येतो. वाटेच्या कडेला जमिनीत पुरलेली एक हातभर नळी, तिच्यातून निघालेली केबल, आणि काही अंतरावर खांबावर ट्रान्समीटर. नळीतून काहीही बाहेर पडत नाही, ना प्रकाश ना ध्वनी. ती फक्त पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर कान ठेवून पडलेली असते. हे क्षेत्र आपल्याकडे साधारण 40 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). गाडीचं पोलाद या क्षेत्रात आलं की पाटाचं पाणी खळग्याकडे वळावं तशा बलरेषा त्या पोलादाकडे वळतात. गाडी म्हणजे मग एक चालतं-फिरतं, मोठं पण दुबळं चुंबक. ते सरकलं की आसपासचं क्षेत्र किंचित बदलतं.

किंचित म्हणजे किती? मध्यम आकाराच्या मोटारीमुळे तीन मीटरवर साधारण 1 मायक्रोटेस्लाचा फरक पडतो. गाडीगणिक हा आकडा कमीजास्त होईल, पण पृथ्वीच्या क्षेत्राचा चाळिसावा भाग म्हणून तो लक्षात ठेवायला हरकत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो, हे शाळेत शिकलेलं असतं. चुंबकाचा प्रभाव लांबवर घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं, तीन मीटरचं सहा, की परिणाम एक अष्टमांश. म्हणून या नळ्यांचा पल्ला चारेक मीटरच्या पुढे फारसा जात नाही, आणि "दहा मीटरवरून पकडतो" असं छापलेलं खोकं मी विकत घेणार नाही.

हाच घनाचा नियम आपल्याला आकाशातही दिसतो. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर पाण्याखालची पाणबुडी तिच्या लोखंडावरून हुडकणारी आयएल-38 विमानं होती, 2023 मध्ये ती निवृत्त झाली. त्यांच्या शेपटीतून मागे निघालेला लांब दांडा अनेकांनी पाहिला असेल. विमानाचं स्वतःचं लोखंड सेन्सरला त्रास देऊ नये म्हणून सेन्सर त्या दांड्याच्या टोकाला. आता तिथं असलेल्या पी-8आय विमानांवरही असंच यंत्र आहे. तुमच्या गेटापाशी पुरलेली नळी त्याच घराण्यातली, गरीब शाखेची.

नळीच्या आत काय आहे? साध्या प्रकारात एका चुंबकीय गाभ्यावर बारीक तारेचे हजारो वेढे. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलं की गुंडाळीतून जाणारं क्षेत्र बदललं की तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो, आणि तो बदलाच्या वेगावर अवलंबून असतो. थोडं गणित करू, ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद गाठावा. वेढे 10,000, गाभ्याचं क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर, गाभ्यामुळे शंभरपट वाढ, आणि सेकंदाला 1 मायक्रोटेस्ला बदल. गुणाकार केला की येतात 100 मायक्रोव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या दाबाचा पंधरा हजारावा भाग. एवढं वाढवून वाचणं आजच्या स्वस्त चिपला सहज जमतं. याच गणितातून दोन गोष्टी निघतात. उभ्या गाडीसाठी दाब शून्य, त्यामुळे कोणी नळीशेजारी गाडी लावून ठेवली तरी घंटा वाजत राहत नाही. आणि अगदी गोगलगायीच्या चालीने शिरलेली गाडी निसटू शकते.

आता त्या लोखंडी मातीचा प्रश्न उरतच नाही. चिऱ्यात आणि आपल्या खनिजात लोह आहे, पण ते बहुतांशी गोथाइट आणि हेमेटाइट या लोहखनिजांच्या रूपात, आणि दोन्ही चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. चिऱ्याच्या भुश्यात लोहचुंबक फिरवला तर काही कण चिकटतीलही. चिकटू देत. जमीन जागची हलत नाही. तिचं क्षेत्र कितीही असो, ते काल होतं तेवढंच आज आहे, आणि गुंडाळी फक्त बदल मोजते. खनिजाचा डोंगर तिला दिसत नाही. त्या डोंगरावरून आलेला टिप्पर मात्र दिसतो! भरधाव टिप्परमध्ये मोटारीच्या कितीतरी पट पोलाद असतं, त्यामुळे गेटाबाहेरच्या रस्त्यावरून तो गेला तरी घंटा वाजेल. उपाय पुन्हा घनाचाच: नळी रस्त्यापासून सहा मीटरऐवजी बारा मीटर आत पुरली की टिप्परचा प्रभाव आठपट कमी.

जमीन हलत नाही, पण नळी हलली तर? मला यात सर्वांत जास्त आवडलेलं गणित हेच. नळी पूर्व-पश्चिम पुरली असेल आणि ती आडवी फक्त एक अंश फिरली, तर तिला जाणवणारं क्षेत्र 40 मायक्रोटेस्लाच्या सुमारे साठाव्या भागाने बदलतं, म्हणजे 0.7 मायक्रोटेस्ला. एक आख्खी मोटार! नळी हलली काय आणि गाडी आली काय, गुंडाळीला दोन्ही सारखंच. म्हणून ती माडाच्या बुंध्याशी पुरू नये, वाऱ्यात मुळं हलतात. भुसभुशीत भरावात पुरू नये, पावसाळ्यात तो खचतो. चिऱ्याच्या थरात खाच पाडून, भोवती माती घट्ट ठोकून बसवावी. लोखंडी गेटही नळीपासून चांगलं लांब हवं, कारण उघडणारं गेट म्हणजे हलणारं लोखंडच. पंपाची केबलही दूर ठेवलेली बरी.

आसपासच्या गडबडीचा हा त्रास जुनाच आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. शहरात विजेची ट्राम येणार असं ठरल्यावर तिच्या प्रवाहांनी मोजमापं बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. इमारतीसाठी चुंबकीय नसलेला पोरबंदरी दगड वापरला आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून. आपल्याला पोरबंदरी दगड लागत नाही, नळी पंपाच्या केबलपासून दूर ठेवली की पुरे.

चुंबकीय नळी पायी आलेल्या माणसाला ओळखत नाही, हे मात्र आधीच कबूल करायला हवं. चोर चालत आला तर ती गप्प बसेल. ती काळजी असेल तर वाटेला आडवा बघणारा पीआयआर सोबत लावावा, दोन्हींच्या घंटेचे सूर वेगळे ठेवावेत. स्कूटरमध्ये लोखंड कमी, म्हणून नळी वाट सर्वांत अरुंद आहे तिथं, स्कूटरला मीटरभराच्या आतून जावंच लागेल अशी पुरावी. "एआय कॅमेरा घ्या, सगळं ओळखतो" असं सांगणाऱ्याला जुलैमध्ये वीज आणि नेट दोन्ही गेल्यावर काय, एवढंच विचारावं.

राहिली ट्रान्समीटरपासून घरापर्यंतची वाट. खोक्यावरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. पावसात भिजलेली पोफळीची बाग रेडिओलहरी बऱ्याच गिळते, म्हणून अँटेना होईल तेवढी उंच हवी. परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणार असाल तर वारंवारता तपासा. अमेरिकेतली बरीच उपकरणं 902 ते 928 मेगाहर्ट्झवर चालतात, आणि त्यातला काही भाग आपल्याकडे मोबाइल सेवेचा आहे. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे, त्यातलं यंत्र घ्यावं. दोनशे मीटर तार ओढून रेडिओचं झंझटच टाळू, असा विचार मनात येतो खरा. पण मे आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात जवळपास वीज पडली की फॅरेडेचा तोच नियम त्या लांब तारेत हजारो व्होल्ट उठवतो.

नळी विकत आणली की लगेच कुदळ हातात घेऊ नये. ती वाटेच्या कडेला जमिनीवरच, दोन्ही बाजूंना दगड लावून पक्की करावी. मग मोटार एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगाने न्यावी. नंतर स्कूटर, आधी जवळून, मग पलीकडच्या कडेने. गेट उघडझाप करावं, पंप सुरू-बंद करावा. घंटा कशाला वाजते आणि कशाला नाही ते वहीत लिहून घ्यावं, आणि मगच खणायला लागावं.